एकट्याचं आरसीसी ऑफिस की कामं बाहेर देऊन कन्सल्टन्सी?

स्ट्रक्चरल डिझाइनची कामं वाढली की प्रश्न येतोच. टेबलावर आपण एकट्यानेच बसायचं, की डिटेलिंग, म्हणजे सळ्यांची सविस्तर ड्रॉइंग, फ्रीलान्स ड्राफ्ट्समनना आणि साइट व्हिजिट एखाद्या नव्या इंजिनिअरला देऊन नावापुढे ‘असोसिएट्स’ लावायचं? मी दोन्ही करून पाहिलंय.

कागदावर कन्सल्टन्सीच भारी. एका वेळी जास्त इमारती घेता येतात, आपण गावाला गेलो तरी काम अडत नाही, आणि मोठे बिल्डर एकट्या माणसाला काम द्यायला जरा कचरतातच.

कराचं गणित मात्र आधी सीएसमोर मांडा. एकट्यासाठी अंदाजे उत्पन्नावर कर भरायची योजना (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४४एडीए) सोयीची: जवळजवळ सगळे पैसे बँकेतून आले, तर ७५ लाखांपर्यंतच्या जमेवर निम्मं उत्पन्न दाखवून मोकळं होता येतं. पण समजा ४० लाख आले आणि २६ बाहेर वाटले, तर हातात उरले १४. या योजनेत धरले जातात २०. कमी दाखवायचं तर हिशेबाच्या वह्या आणि ऑडिट आलं. एलएलपीला, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला, तर ही सोयच नाही.

माझा निकाल लागला तो मात्र सळ्यांभोवती बांधायच्या रिंगांवर. फ्रीलान्स ड्राफ्ट्समनकडे आणखी चार ऑफिसांची कामं असतात, त्यामुळे एकाचा नमुना दुसऱ्याच्या शीटवर उतरतो. कॉलमजवळ बीमच्या रिंगा दाट हव्यात, मधे विरळ चालतात, हुक १३५ अंशांचा हवा. भूकंपात टिकेल अशा डिटेलिंगचं भारतीय मानक, आयएस १३९२०, त्यांना माहीत नाही असं नाही, पण शीटवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ‘८ एमएम, १५० सेंटर’, म्हणजे सरसकट दीडशे मिलिमीटरवर एक रिंग. मग लाल पेन, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, आणि उत्तर येण्याआधी साइटवरून फिटरचा फोन, ‘साहेब, रिंगा बांधायला घेतोय, दीडशेच धरू ना?’ ड्राफ्ट्समन त्या वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी घाईच्या कामात. शीट शेवटी मीच दुरुस्त करायचो. सही माझी, स्टॅबिलिटी सर्टिफिकेट माझं, त्यामुळे तपासणी काही बाहेर देता येत नाही. दिवस तपासण्यात जायचा आणि डिझाइनला रात्र उरायची.

तुमच्याच हाताखाली तयार झालेला ड्राफ्ट्समन असेल, तर कदाचित तुमचा अनुभव वेगळा असेल. तसं चांगलं चाललेली ऑफिसं मी पाहिली आहेत. मी मात्र डिटेलिंग परत स्वतःकडे घेतलं. बाहेर देतो ती फक्त लांबच्या साइटची व्हिजिट. कामं कमी घेतो, फी वाढवली. त्यावर एक-दोन बिल्डर गेले, बाकीचे राहिले.