माजी सैनिकांच्या घरच्यांनो, जुन्या नाण्यांच्या ‘गुंतवणुकी’पासून सांभाळा

जुनी नाणी, जुनी घड्याळं घेऊन ठेवा, तीन वर्षांत पैसे दुप्पट होतील, असं सांगणारी माणसं सध्या आपल्या कोकणात फिरतायत आणि ती मुद्दाम माजी सैनिकांची घरं गाठतायत. आमच्या गुहागर तालुक्यातल्या घरी हे घडलं. माझ्या सासऱ्यांचे, म्हणजे आबांचे, ४ लाख ६० हजार रुपये गेले. पोलिसांत तक्रार दिलेली आहे, तपास चालू आहे, म्हणून त्या माणसाचं नाव इथे लिहीत नाही. त्याची रीत मात्र सगळी लिहिते, कारण तीच रीत उद्या दुसऱ्या घरी वापरली जाणार आहे. आबांना विचारूनच लिहितेय.

आबा तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. हातपाय धड, पाठ ताठ, पहाटे उठून पोफळींना पाणी लावणार, नारळ स्वतः सोलणार. त्यांच्याकडे बघून या माणसाला अपंगत्व आहे असं कुणाच्या मनातही येणार नाही. पण १०५ मिलिमीटरच्या तोफांजवळ वर्षानुवर्षं उभं राहून त्यांचे दोन्ही कान गेलेत. आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. कानाच्या डॉक्टरांनी आम्हाला आलेख पुढे ठेवून समजावलं: मोठ्या आवाजाने कानाच्या आतल्या नाजूक पेशी मरतात, त्या पुन्हा येत नाहीत, आणि आधी जातो तो वरच्या पट्टीतला आवाज, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासचा. स, श, त, ठ, फ ओळखायला नेमकी तीच पट्टी लागते. म्हणून शांत खोलीत समोरासमोर बसलं की आबा छान गप्पा मारतात, अर्धं ओठांवरून ओळखतात. बाजारात, पंख्याखाली, आणि सगळ्यात जास्त फोनवर, ते अंदाजाने ‘हो हो’ म्हणतात. शिवाय कानात रात्रंदिवस शिट्टी वाजत असते, त्यामुळे झोपेचं खोबरं.

हे त्यांनी फौजेतही सांगितलं नाही. मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीची श्रेणी, खाली आली की बढती अडते, म्हणून कितीतरी जवान असलं काही बोलत नाहीत. सुटताना जो मेडिकल बोर्ड बसतो, त्यातही आबा ‘कुछ तकलीफ नहीं’ म्हणून आले. गावात तर कुणाला पत्ताच नव्हता. लोकांना वाटायचं, हवालदार जरा तुसडे आहेत, हाक मारली तर बघत नाहीत.

तो माणूस आबांना ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, दवाखान्यात, औषधांच्या रांगेत भेटला. डोक्यावर रेजिमेंटच्या बिल्ल्याची टोपी, ‘जय हिंद साहेब’, आपण सिग्नल्समधून, म्हणजे फौजेच्या संदेशवहन विभागातून, सुटलो, कुठल्या युनिटचे तुम्ही, असं सगळं. तो फौजेत कधीच नव्हता, हे नंतर चौकशीत कळलं. पण गावाला वर्षानुवर्षं जे दिसलं नव्हतं, ते त्याने त्या रांगेत हेरलं. तो उठून आबांच्या उजव्या बाजूला येऊन बसला, कारण तो कान जरा बरा आहे. चेहरा समोर ठेवला, सावकाश बोलला, दोनदा सांगितलं. आबा घरी आले ते खुशीत. जेवताना म्हणाले, ‘‘बऱ्याच दिवसांनी कुणाशी तरी पोटभर बोलायला मिळालं.’’ अर्धी फसवणूक तिथेच झाली होती.

पुढच्या भेटीत त्याने कानांच्या पेन्शनचा विषय काढला. ‘साहेब, तुमचं अपंगत्व नोकरीमुळेच आहे, पेन्शन बसते, मी फाईल फिरवतो.’ फाईलखर्च म्हणून आठ हजार घेतले आणि डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), आधार, पासबुक यांच्या झेरॉक्स नेल्या. म्हणजे आबांच्या खात्यात किती, मुदत ठेवी कधीच्या, हे सगळं त्याच्या हातात गेलं.

मग नाणी आली. पहिल्यांदा त्याने चांदीचे दोन साधे राणीछाप रुपये दिले आणि थोड्याच दिवसांत त्यातला एक स्वतःच जास्त पैसे देऊन परत घेतला. या धंद्यात हे हमखास करतात. पहिला नफा खराच हातावर ठेवतात. त्यानंतर ‘सैनिक संच’ निघाला. प्लास्टिकच्या बंद डबीत एकेक नाणं, वर परदेशी ग्रेडिंग कंपनीचं, म्हणजे नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपनीचं, लेबल, क्रमांक, होलोग्राम. सोबत लेटरहेडवर लिहिलेलं की तीन वर्षांनी आम्हीच दुप्पट भावाने परत घेऊ. संचात १९३९ चा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया, दाभोळ बंदरातली आदिलशाही लारी, ईस्ट इंडिया कंपनीचा म्हणून १८१८ चा ‘रामदरबार’, म्हणजे राम-सीतेचं चित्र असलेलं नाणं, आणि वर एक मनगटी घड्याळ, जे म्हणे महाडजवळच्या फौजी आंबवड्याच्या जवानाने पहिल्या महायुद्धात वापरलं होतं. एकेक वस्तू विचार करून निवडलेली होती. फौजी आंबवड्याचे जवान पहिल्या महायुद्धात गेले होते, ते खरं. लारी, म्हणजे दुमडलेल्या चांदीच्या तारेवर शिक्का मारलेलं नाणं, आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरांत चालायची, तेही खरं. आणि दाभोळ तर आमच्या खाडीपलीकडे. आपल्याच मातीचं काहीतरी आपल्या घरी येतंय, असं आबांना वाटलं.

पैशाची बोलणी त्याने मुद्दाम फोनवर केली. ती रेकॉर्डिंग नंतर मी स्वतः ऐकली. तो म्हणतो, ‘‘महिन्याचा हप्ता साठ हजार, ठीक आहे ना साहेब?’’ आबा म्हणतात, ‘‘हो हो, ठीक.’’ आबांनी ऐकलं होतं सात. ‘सा’ ऐकू येतो, त्यानंतरचा ठ की त, ते फोनवर त्यांना कळूच शकत नाही. बिल घेऊन तो घरी आला तेव्हा आबा चपापले, तर याने मोबाईल काढून ती रेकॉर्डिंग त्यांच्या उजव्या कानाशी धरली. ‘साहेब, फौजी माणसाचा शब्द आहे.’ आबांनी चेक लिहिला. मी विचारलं तेव्हा एवढंच बोलले, ‘‘शब्द दिलेला गो मी त्याला.’’ हप्त्यांसाठी त्यांनी मुदत ठेव मोडली. मी पतसंस्थेत काम करते. ठेव मोडल्याचा बँकेचा कागद हाती आला तेव्हा घरात हे कळलं.

मी तो संच चिपळूणला आमच्या ओळखीच्या सराफांकडे नेला. लारीची कड घासून त्यांनी आम्ल लावलं, लगेच हिरवा फेस आला. आत तांबं, वर मुलामा. रामदरबार तर हातात घेऊनच बाजूला ठेवला. कंपनीने सगळ्या हिंदुस्थानासाठी एकसारखी नाणी पाडली ती १८३५ पासून, आणि कंपनीच्या नावाचं रामदरबार किंवा हनुमानाचं नाणं कधी निघालंच नाही. १८१८, १७१७, १६१६ अशी सालं घातलेले हे टोकन आहेत, यात्रेत विकले जातात.

१९३९ च्या रुपयाने मात्र सराफांनाही थांबवलं. वजन ११.६६ ग्रॅम, बरोबर एक जुना तोळा. चांदीही बरोबर. खोट काही सापडेना. मग त्यांनी भिंग लावून मला दाखवलं. शेवटच्या ९ च्या खालच्या अंगाला, डाव्या बाजूला, धातू बारीक खरवडलेला होता. आजूबाजूचं नाणं काळपट आणि तेवढीच जागा चकचकीत. तो मुळात १९३८ चा रुपया. आठाच्या खालच्या गोलाचा डावा तुकडा कोरून काढला की नऊ होतो. १९३८ चा रुपया सहज मिळतो, चांदीच्या भावाच्या आसपास. १९३९ चा दुर्मीळ आहे, कारण १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी राहिली आणि त्याआधीच्या वर्षाची नाणी फारशी हाती लागत नाहीत. म्हणून खरं नाणं घेऊन त्यावर खोटं साल बनवतात. नुसतं वजन करून किंवा लोहचुंबक लावून हे कधीच पकडता येणार नाही. डबीवरचा क्रमांक ग्रेडिंग कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर टाकला, तर तिथे भलत्याच देशाचं नाणं दिसलं. डबीसुद्धा नकली.

घड्याळ दुरुस्तीवाल्याने उघडलं. तबकडी ताजी रंगवलेली, आणि आत मशीन एचएमटीची. एचएमटीने घड्याळं करायला सुरुवात केली १९६१ मध्ये. पहिलं महायुद्ध १९१८ ला संपलं.

यानंतर आला दुसरा फास, आणि तो जास्त वाईट आहे, कारण आधीच पोळलेल्या माणसाला तो सोडवणुकीसारखा दिसतो. आबांच्या मोबाईलवर फोन आला: रिझर्व्ह बँकेतून बोलतोय, तुमचा संच नऊ लाखांना घेतो, लंडनच्या लिलावात जाईल, आधी जीएसटी आणि प्रमाणपत्राचे पंचवीस हजार भरा. फोन मी घेतला. त्यांच्याकडे आबांच्या संचाची यादी जशीच्या तशी होती, म्हणजे टोळी एकच. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला जाहीर निवेदन काढून सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा काहीही संबंध नाही आणि त्यासाठी ती कसलंही शुल्क, कमिशन मागत नाही. आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं, ते असं उचलून परदेशात विकताच येत नाही. लंडनचं नाव निघालं की तिथेच फोन ठेवावा.

कानांच्या पेन्शनबद्दलही लिहिते, कारण आमिष तेच होतं. त्यासाठी दलाल लागत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज कसा करायचा ते सांगतात, पैसे घेत नाहीत. नोकरीमुळे आलेलं किंवा वाढलेलं अपंगत्व किमान २० टक्के ठरलं तर पेन्शनचा विचार होतो. नाकारलं तर अपील आहे, पुढे सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. बोर्डाच्या वेळी न बोललेल्यांना हे कठीण जातं, आबांचंही सोपं नाही, तरी अर्ज घातलाय. श्रवणयंत्र ईसीएचएसमधून मिळतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऐकू कमी येणं आहे आणि मनाचे आजारही आहेत. कुणाच्या घरी फटाक्यांच्या आवाजाने दचकून उठणारे, रात्र रात्र जागणारे काका-मामा असतील, तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर फुकट बोलता येतं, मराठीतही.

आमच्या घरी आता पैशाचा कुठलाही विषय आबांशी फोनवर होत नाही. बँकेलाही तसं कळवलंय. आकडे कागदावर येतात, आबा ते वाचतात, मग उत्तर देतात. आणि ‘मला नीट ऐकू येत नाही, लिहून द्या’ हे वाक्य ते आता अनोळखी माणसालाही सांगतात. पहिल्यांदा एसटीच्या कंट्रोलरला सांगितलं, आणि त्याने तिकिटाच्या मागे गाडीची वेळ लिहून दिली.

रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गात कुणाकडे असा ‘सैनिक संच’ आला असेल, तर रागाने डब्या फोडू नका, नाणी घासू नका, मोडीत घालू नका. डबी, लेबल, बिल, लेटरहेड, कुरिअरचं पाकीट, फोनमधले मेसेज आणि रेकॉर्डिंग, सगळं तसंच ठेवा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच घटकेला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, खातं गोठवायला तेवढाच वेळ हाताशी असतो. चेक दिला असेल तर आधी बँकेत जाऊन तो थांबवा. आणि ठाण्यात तक्रार देताना आपल्या माणसाला कमी ऐकू येतं हे जबाबात स्पष्ट लिहून घ्या, ऑडिओग्रामची, म्हणजे कानाच्या तपासणीच्या आलेखाची, प्रत जोडा. आमच्या तक्रारीत ‘फोनवर संमती दिली’ या त्याच्या म्हणण्याला आम्ही तेच उत्तर दिलंय.