सरावाचा लांब प्लास्टिक चँटर: एक अभिप्राय

हायलँड बॅगपाइप या स्कॉटिश वाद्याचे शिक्षण हवेच्या पिशवीपासून नव्हे, तर सरावाच्या चँटरपासून, म्हणजे तोंडाने फुंकून वाजवायच्या छिद्रांच्या नळीपासून, सुरू होते. म्हणूनच ही पहिली खरेदी पारखून करावी असे मला मनापासून वाटते. हा लांब चँटर त्या कसोटीला बहुतांशी उतरतो. त्याच्या छिद्रांमधील अंतर मूळ वाद्याच्या चँटरशी जवळजवळ जुळते, त्यामुळे खालच्या 'जी'पासून वरच्या 'ए'पर्यंतच्या नऊ स्वरांवर बसलेला हात पुढे बदलावा लागत नाही. छिद्रांच्या कडा खोलगट असल्याने बोट नीट टेकले की नाही हे स्पर्शानेच कळते, आणि बॅगपाइपमध्ये जिभेने स्वर तोडता येत नसल्यामुळे ग्रेसनोटची (मुख्य स्वराआधी झटकन वाजणाऱ्या छोट्या स्वराची) सारी स्वच्छता बोटांवरच अवलंबून असते.

सोबतची प्लास्टिकची रीड, म्हणजे फुंकल्यावर कंप पावून स्वर काढणारी पातळ पाती, मात्र पटली नाही. वरचा 'ए' चढा लागत होता. रीड किंचित बाहेर ओढल्यावर तो उतरला, कारण या बदलाचा परिणाम वरच्या स्वरांवर अधिक होतो, तरीही आवाज पातळच राहिला. वेगळी रीड घेणे उत्तम.

देखभाल सोपी आहे: वादनानंतर आतील ओल पुसावी आणि सांधा सैल वाटल्यास मेण लावलेल्या दोऱ्याचे एकदोन वेढे वाढवावेत. लाकडी चँटरप्रमाणे हा तडकण्याची भीती नाही.