फोटोतली लाल माती मला दिसली नाही

मॉडेल रेल्वेच्या छंदापायी गेल्या पावसाळ्यात माझे ५६,००० रुपये गेले. ते कसे गेले हे तपशीलवार लिहितो आहे, कारण ज्याने मला फसवले त्याला या छंदाची परिभाषा चांगली येत होती आणि त्याचे पुढचे गिऱ्हाईक आपल्यातलेच कोणी असण्याची शक्यता आहे.

मी रत्नागिरीत राहतो. नोकरीची तीस वर्षे आरेखनात गेल्यामुळे निवृत्तीनंतर पुन्हा पेन्सिल हातात घेतली ती कोकण रेल्वेच्या पानवल नदीवरील पुलाच्या प्रतिकृतीसाठी. मूळ पूल ६४ मीटर उंच आहे. एचओ मापात, म्हणजे १:८७ या प्रमाणात, त्याची उंची ७३ सेंटिमीटरच्या वर जाते आणि पूर्ण लांबीने करायचा तर जवळजवळ पाच मीटर जागा लागते. आमच्या माळ्यावर तेवढी जागा नसल्याने काही गाळे कमी करून तो साडेतीन मीटरांत बसवला. पुलाचे खांब, बोगद्याचे तोंड, चिऱ्याच्या भिंतींचे स्टेशन हे सगळे घरी करता येते. इंजिन मात्र घरी होत नाही. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ साली पूर्ण झाले आणि ज्या डिझेल इंजिनांच्या आवाजावर आमच्याकडची घड्याळे लागत असत ती प्रवासी गाड्यांपुढून हळूहळू नाहीशी झाली. मला माझ्या पुलावर डब्ल्यूडीएम-३ए इंजिनांची जोडीच हवी होती. भारतीय इंजिनांच्या चांगल्या प्रतिकृती मोजक्या निघतात आणि एकदा संपल्या की वापरलेल्या मिळवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. ही माझी गरज मी ओळखीच्या चार छंदिष्टांना सांगून ठेवली होती. त्यांच्यापैकी कोणाकडून ती त्या माणसापर्यंत पोहोचली हे मी शोधत बसलो नाही.

जूनच्या अखेरीस त्याचा फोन आला. तो हिंदीत बोलत होता. आपण उत्तरेकडे राहतो, मामा रेल्वेत अधिकारी होते, ते वारले, त्यांचा लेआउट, म्हणजे रूळ-स्टेशनांसह मांडलेली छोटी रेल्वे, मोडायचा आहे, मामींना या वस्तूंची किंमत कळत नाही आणि भंगारात घालण्यापेक्षा जाणत्या माणसाच्या हाती गेलेल्या बऱ्या, असे त्याचे म्हणणे होते. दोन इंजिने आणि सहा डबे मिळून त्याने ६८,००० सांगितले आणि घासाघीस करून आम्ही ५६,००० वर आलो. इंजिनांत डीसीसी डिकोडर, म्हणजे रुळांतून येणारे डिजिटल आदेश ओळखणारे छोटे सर्किट, बसवलेले आहेत, कपलिंग बदललेले आहे, एका इंजिनाची चाके पुसून घ्यावी लागतील, हे सगळे त्याने मी न विचारता सांगितले. वस्तूचा दोष आपणहून सांगणारा माणूस खोटा नसणार असे मला वाटले. आता वाटते, तो दोष त्याने त्याचसाठी सांगितला होता.

त्याने सात फोटो आणि वीस सेकंदांचा एक व्हिडिओ पाठवला. फोटो जवळून घेतलेले आणि चारी बाजूंनी कापलेले होते. इंजिनाचा क्रमांक धूसर केलेला होता, त्याचे कारण ‘चोरीचा धोका’ असे सांगण्यात आले. एका फोटोत डाव्या बाजूच्या पायरीजवळचा कठडा किंचित आत वाकलेला दिसत होता. मी भिंग लावून तो कठडा पाहिला आणि तार सरळ करायला किती वेळ लागेल याचा हिशेब केला. त्याच कठड्याखाली, फोटोच्या तळाशी, रुळांचा भराव गडद लाल होता आणि त्याकडे माझे लक्ष गेले नाही. मामांचा लेआउट गंगेच्या मैदानातल्या एका जंक्शनचा आहे असे तो सांगत होता, आणि मी, ज्याचे आयुष्य जांभ्या दगडाच्या तांबड्या मातीत गेले, त्या मातीवर उभे असलेले इंजिन पाहूनही काही बोललो नाही. घरातल्या भिंतीकडे आपण जसे बघत नाही, तसेच काहीसे झाले असावे.

मी ३०,००० रुपये यूपीआयने आगाऊ पाठवले. पैसे पाठवताना पडद्यावर एका बाईंचे नाव आले. विचारल्यावर ‘मामींचे खाते आहे’ असे उत्तर मिळाले आणि ते गोष्टीला इतके साजेसे होते की मी पुढे विचारलेच नाही. पार्सल टाकल्यावर कुरिअरच्या पावतीचा फोटो पाठवायचा आणि मग उरलेले २६,००० द्यायचे, असे ठरले होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पावती आली. तिच्यावर माझे नाव बरोबर होते, पत्ता बरोबर होता, आणि वजनाच्या रकान्यात ७४० ग्रॅम असा आकडा होता. मी नाव आणि पत्ता वाचला आणि पैसे पाठवले.

या आकड्यापाशी थांबणे भाग आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीनुसार एचओ डब्याचे वजन एक औंस आणि शिवाय लांबीच्या प्रत्येक इंचामागे अर्धा औंस असावे, म्हणजे डबा सांध्यांवरून उडत नाही. आपला जुन्या बनावटीचा आयसीएफ डबा या मापात साडेनऊ इंचांच्या आसपास भरतो, म्हणजे त्याचे वजन सुमारे १६५ ग्रॅम असायला हवे. असे सहा डबे म्हटले तर एक किलो झाला. सहा आसांचे एकेक इंजिन अर्ध्या किलोच्या आसपास जाते. खोके आणि आतले पॅकिंग धरले नाही तरी माल दोन किलोंचा होतो, आणि डबे शिफारशीपेक्षा हलके धरले तरी तो पाऊण किलोत बसत नाही. हे गणित मी दर आठवड्याला करतो. माझ्या डब्यांत शिशाच्या पट्ट्या चिकटवण्यासाठी मी स्वयंपाकघरातला वजनकाटा माळ्यावर नेतो म्हणून घरात बोलणी खातो. पावतीवरचा आकडा वाचायला मला दोन सेकंद लागले असते.

पार्सल आले तेव्हा धुवांधार पाऊस होता. वरचे प्लॅस्टिक फाडले, आतल्या फुगे असलेल्या वेष्टनाला चिकटपट्टीचे पाच-सहा वेढे होते, ते ब्लेडने कापले. आत जत्रेत मिळते तशी सेलवर चालणारी आगगाडी होती, पिवळ्या प्लॅस्टिकच्या रुळांसह, आणि वजनासाठी वर्तमानपत्रात गुंडाळलेला फरशीचा तुकडा. मी ती आगगाडी माझ्या १६.५ मिलिमीटर अंतराच्या रुळांवर ठेवून पाहिली. ती बसणार नाही हे दिसतच होते, तरी ठेवून पाहिली.

यापुढची माझी चूक पैशांच्या दृष्टीने अधिक महागात पडली. फोन केल्यावर तो मुळीच गडबडला नाही. कुरिअरवाल्यांनी पार्सल बदलले असणार, मी आजच दावा दाखल करतो, तुम्ही चार दिवस कोणाकडे तक्रार करू नका नाहीतर दावा अडकेल, असे त्याने सांगितले. मी थांबलो. पाचव्या दिवशी त्याने दाव्याच्या शुल्कापोटी ४,५०० रुपये मागितले, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सहाव्या दिवशी मी १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर पैसे ज्या खात्यात आहेत तिथेच गोठवता येतात; माझे तोवर एका खात्यातून दुसऱ्या आणि दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात गेले होते. त्यातले ११,४०० रुपये एका खात्यात अडवले गेले आहेत आणि ते परत मिळण्यासाठी न्यायालयात अर्ज केला आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ डी लावून गुन्हा नोंदवला गेला आहे. मध्यंतरी ‘सायबर शाखेतून बोलतो, तुमची सगळी रक्कम मिळाली आहे, पिन टाकून स्वीकारा’ असाही एक फोन येऊन गेला. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, एवढे मला तोवर कळले होते.

ते फोटो कुठले हे कळले ते ऑगस्टमध्ये. कुडाळजवळ राहणारे माझे एक स्नेही सांध्याची, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी, मोटर घेण्यासाठी रत्नागिरीला आले होते. त्यांना फोटो दाखवले तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, “अवो, ह्यो भराव माझो आसा. ही माती आमच्या परड्यातली.” त्यांनी ती चहाच्या गाळणीने गाळून, पातळ केलेल्या फेविकॉलने बसवली होती. वाकलेला कठडा त्यांच्या नातवाच्या हातून झाला होता. दोन वर्षांपूर्वी त्यांनी हौसेने सगळ्यांना पाठवलेले मोठे फोटो कापून, क्रमांक पुसून माझ्याकडे आले होते, आणि मूळ फोटोत उजव्या कोपऱ्यात त्यांच्या स्टेशनची पाटी होती, तीवर ‘कुडाळ’ असेच लिहिलेले होते.

आता कोणाकडून वापरलेले इंजिन घ्यायचे झाले तर मी चालू व्हिडिओ कॉलवर ते उलटे धरून चाके दाखवायला सांगतो. डिकोडर असल्याचे सांगितले असेल तर मी त्या क्षणी मनात येईल तो पत्ता, म्हणजे डिकोडरचा ओळख-क्रमांक, समजा ४७, इंजिनाला द्यायला लावतो आणि त्या पत्त्यावर ते मागेपुढे चालवून घेतो. आधी घेतलेल्या व्हिडिओत हे करता येत नाही. खऱ्या विक्रेत्याला यात पाच मिनिटे लागतात. एकाने यावर रागावून फोन ठेवला; तो खरा होता की खोटा, कोण जाणे.

फोटो अजूनही फिरत असावेत, कारण गेल्या महिन्यात गोव्यातल्या एका गृहस्थांनाही तीच जोडी ५०,००० रुपयांना सांगण्यात आली. लाल भराव, धूसर क्रमांक आणि डाव्या पायरीजवळ आत वाकलेला कठडा अशी डब्ल्यूडीएम-३ए तुम्हाला कोणी विकायला काढली, तर ती इंजिने कुडाळच्या माझ्या स्नेह्यांच्या माळ्यावर आहेत आणि ती विकायची नाहीत.