गाणे सुरू, आवाज बंद : सात आसनी एसयूव्हीचा एकोणीस महिन्यांचा अनुभव

९ एप्रिल २०२४ रोजी, गुढीपाडव्याला, आम्ही सात आसनांची डिझेल ऑटोमॅटिक एसयूव्ही घरी आणली. आज मीटरवर २७,४०० किलोमीटर आहेत. कंपनीचे आणि मॉडेलचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्या बिघाडाविषयी लिहायचे आहे तो, आवाज वाढवून स्पीकरना पुरवणारा स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या कोणत्याही गाडीत होऊ शकतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शनने एकदाही त्रास दिलेला नाही. कराडहून चिपळूणला सासुरवाडीस जाताना सहा माणसे आणि त्यांचे सामान घेऊन गाडी कुंभार्ली घाट विनातक्रार चढते. मनस्ताप झाला तो सगळा आवाजाचा.

जुलै २०२४ मध्ये एके सकाळी गाडी सुरू केली तेव्हा स्क्रीनवर गाणे पुढे सरकत होते, आवाजाची पट्टी वरखाली होत होती, पण गाडीत चिडीचूप शांतता होती. फोन काढून एफएम लावले, पेन ड्राइव्ह लावला, तरी तेच. चार-पाच मिनिटांनी ‘टप्’ असा बारीक आवाज झाला आणि मधल्या काळात मी वाढवून ठेवलेल्या पातळीवर गाणे एकदम अंगावर आले. मुलांना याची गंमत वाटली आणि मलाही पहिल्या दोन-तीन वेळा ती किरकोळ गोष्टच वाटली.

ती किरकोळ नाही हे लक्षात आले ते आमच्या मुलामुळे. पुण्याला जाताना त्याने विचारले, “बाबा, आज ती टिंग का वाजत नाही?” १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या मोटारींना वेगाची सूचना देणारा आवाज सक्तीचा आहे; वेग ८० च्या वर गेला की तो ठरावीक अंतराने वाजतो आणि १२० ओलांडले की सतत वाजत राहतो. एरवी या टिंगटिंगीला आम्ही सगळेच वैतागलेलो असतो. त्या दिवशी काटा ९० वर होता आणि गाडी मुकी होती. मग इंडिकेटर देऊन पाहिला, तर त्याची टिकटिकही नाही. आमच्या गाडीत इंडिकेटरची टिकटिक, सीट बेल्टची सूचना, रिव्हर्स सेन्सरची बीप आणि गाणी हे सर्व आवाज एकाच अ‍ॅम्प्लिफायरमधून त्याच स्पीकरना जातात, त्यामुळे तो रुसला की गाणी तर बंद होतातच, शिवाय गाडीची बोलतीही बंद होते.

याची किंमत ऑगस्टमध्ये चिपळूणला मोजली. पाऊस कोसळत होता, मागच्या कॅमेऱ्याच्या काचेवर चिखलाचे पाणी होते आणि सासऱ्यांच्या अंगणातून गाडी मागे घेताना मी सवयीने डोळ्यांचे काम कानांवर सोपवून मोकळा झालो होतो. बीप आली नाही, म्हणजे मागे जागा आहे असे धरले आणि चिऱ्याच्या गडग्यावर बंपरचा उजवा कोपरा घासला. चूक माझीच होती, आरसे होते आणि मान वळवता येत होती. पण रोज साथ देणारी यंत्रणा काही न सांगता गप्प बसते तेव्हा माणूस किती सहज फसतो, हे तेव्हा कळले.

सर्व्हिस सेंटरच्या पहिल्या फेरीत जॉब कार्डवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, ‘म्युझिक सिस्टिम तक्रार’ एवढेच लिहिले गेले. गाडी संध्याकाळी परत मिळाली, ‘सॉफ्टवेअर अपडेट केले’ असे सांगण्यात आले आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच घडले. दुसऱ्या फेरीत बॅटरीची वायर काढून पुन्हा जोडली, स्कॅनर लावला, काही सापडले नाही. अधूनमधून होणाऱ्या बिघाडाचे हेच दुखणे असते की गाडी वर्कशॉपमध्ये शिरली की शहाण्या मुलासारखी वागते. तिसऱ्या फेरीला मी मोबाइलवर घेतलेले तीन व्हिडिओ नेले, तारीख, वेळ आणि हवामान लिहिलेला कागद दिला आणि जॉब कार्डवर ‘इंडिकेटर, सीट बेल्ट व पार्किंग सेन्सरचे आवाज बंद पडतात’ असे शब्द लिहून घेतले. त्या एका वाक्याने तक्रारीचे वजन बदलले; जी गोष्ट आधी करमणुकीची होती ती आता सुरक्षिततेची झाली आणि वर्कशॉपचे मॅनेजर स्वतः खाली आले.

नोव्हेंबरमध्ये वॉरंटीत संपूर्ण हेड युनिट, म्हणजे डॅशबोर्डवरच्या स्क्रीनचा अख्खा संच, बदलून मिळाले. त्यानंतर हिवाळाभर एकदाही आवाज गेला नाही आणि मी ओळखीच्या चार जणांना ‘हेड युनिटच खराब होते’ असे छातीठोकपणे सांगूनही टाकले.

२०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच कोकणात उतरला आणि त्याच्याबरोबर आमचा बिघाडही परतला. जूनमध्ये गाडी पुन्हा नेली तेव्हा एका तरुण टेक्निशियनने स्क्रीनला हातही न लावता डाव्या बाजूच्या पुढच्या सीटखाली हात घातला आणि म्हणाला, “साहेब, कार्पेट ओलं आहे.” सीट काढल्यावर खाली अ‍ॅम्प्लिफायर दिसला. त्याचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) सोडवला, तर दोन पिनांवर हिरवट थर चढलेला होता. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक कळकावे तसा. पाणी येत होते ते एसीचे. एसी हवेतली जी वाफ थंड करून पाण्यात बदलतो, ते पाणी एका बारीक नळीतून गाडीखाली गळायला हवे. ती नळी माती आणि पानांच्या चुऱ्याने तुंबली होती, त्यामुळे पाणी आत वळून कार्पेटखाली मुरत होते. दमट रात्रीनंतर सकाळी आवाज का जातो, गाडी तापल्यावर तो का परत येतो आणि कोरड्या हिवाळ्यात सगळे ठीक का होते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या नळीत होती. हेड युनिट विनाकारण बदलले गेले.

इथे एक कबुली द्यायला हवी. पहिल्या पावसाळ्यापासून पत्नी सांगत होती की तिच्या पायाशी कुबट वास येतो. मी डॅशबोर्डवर अत्तराची डबी बसवली होती.

बाकीच्या तक्रारी वेगळ्या होत्या आणि त्या वेगळ्या आहेत हे ओळखण्यातच अर्धे काम झाले. एफएमवरची खरखर माझ्याच डॅशकॅमच्या स्वस्त चार्जरची निघाली; तो सॉकेटमधून काढला की पुण्यात १०१ वर विविध भारती स्वच्छ लागते. घाटात स्टेशन जाते ते डोंगर आड येतात म्हणून, त्यात गाडीचा दोष नाही. वायरलेस जोडणीत फोन मधेच तुटायचा, केबल लावल्यावर तो प्रश्न संपला. मागच्या डाव्या दारातला स्पीकर फाटक्या आवाजात बोलू लागला, त्याचे कारण काचेच्या दुरुस्तीनंतर दाराच्या आतला प्लास्टिकचा पडदा नीट चिकटवला नव्हता आणि पाणी थेट स्पीकरच्या कागदावर येत होते. तोही वॉरंटीत बदलला. कोणत्याही एका स्रोताचा आवाज गेला तर फोन किंवा जोडणी तपासावी, स्क्रीनही सोबत गोठली तर हेड युनिटवर संशय घ्यावा, अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढणारी शीळ ऐकू आली तर अर्थिंग पाहावे, आणि स्क्रीन चालू असून सगळेच आवाज एकदम गेले तर अ‍ॅम्प्लिफायर व त्याच्या वायरिंगपासून सुरुवात करावी, असे आता मी सांगेन. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून शेवटचे लक्षण होते, तरी सुरुवात स्क्रीनपासून झाली.

नळी साफ झाली, कपलर बदलला, कार्पेट काढून दोन दिवस वाळवले. त्यानंतर जून ते ऑक्टोबर असा पूर्ण पावसाळा आणि चिपळूणच्या पाच फेऱ्या झाल्या, आवाज एकदाही गेलेला नाही. एसी चालू ठेवून गाडी दहा मिनिटे उभी केली की खाली पाण्याचे थेंब पडतात का, हे मी आता वाकून पाहतो. दमट हवेतही पडत नसतील तर पाणी आत जात असावे असे समजतो.

वाढीव वॉरंटी घ्यावी का, यावर घरी बरीच चर्चा झाली. घेतली, कारण वर्कशॉपमध्ये तोंडी सांगितलेली हेड युनिटची किंमत ऐकून मी परत विचारले होते. मात्र तिच्या अटींत ‘पाण्यामुळे झालेले नुकसान’ वगळलेले आहे, आणि आमचा बिघाड तर पाण्यानेच झाला होता. म्हणून जूनच्या जॉब कार्डवर कारण म्हणून ‘एसी ड्रेन नळी तुंबल्याने कपलरवर गंज’ असे स्पष्ट लिहून, सही-शिक्क्यासह त्याची प्रत घेतली आहे. ती गाडीच्या कागदपत्रांत, आरसीच्या मागे ठेवलेली असते.