उघडं तांबं की टिन चढवलेलं? स्पीकर वायर घेण्याआधी

वायर किती जाड हवी, हा हिशोब तुम्ही केलेला असेल असं धरून चालतो. नसेल तर अडीच स्क्वेअर एमएमची घ्या आणि विषय मिटवा. स्पीकर दहा मीटरवर असला तरी जाऊन-येऊन वीस मीटर तांब्याचा रोध ०.१६ ओहमच्या आसपास राहतो. आठ ओहमच्या स्पीकरला त्याचं काही वाटत नाही.

खरा घोळ त्यानंतर सुरू होतो. एकीकडे पारदर्शक आवरणातली लखलखीत तांब्याची वायर, दुसरीकडे काळ्या किंवा करड्या आवरणातली, आतून चंदेरी दिसणारी. ही दुसरी म्हणजे तांबंच, फक्त प्रत्येक केसाएवढ्या तारेवर टिनचा पातळ थर, म्हणजे एका परीने कल्हईच. मी दोन्ही वापरल्या आहेत. आवाजात फरक असेलही, मला कधी ऐकू आला नाही.

दिसण्यात पारदर्शक वायर सरस, आणि मीही आधी तीच घेतली होती. मऊ, कोपऱ्यात छान वळणारी. दुसऱ्या वर्षी ती तपकिरी पडली, पुढे टोकांकडून हिरवी व्हायला लागली. तेवढ्यावर भागलं असतं तर मी तक्रार केली नसती. आवरणाच्या आत मधल्या भागात आलेला हिरवेपणा बहुतेक वेळा नुसता दिसायला वाईट असतो. थर वरवरचा, खालचं तांबं आपलं काम करतच राहतं. दुखणं असतं ते टोकांना, जिथे तार स्क्रूखाली दाबलेली असते.

माझा डावा स्पीकर हळू आवाजात मधूनच गप्प व्हायचा आणि आवाज वाढवला की जागा व्हायचा. आधी मी ॲम्पला, म्हणजे ॲम्प्लिफायरलाच दोष दिला. ॲम्पच्या मागे डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल केली, तरी गप्प होणारा स्पीकर तोच. मग टर्मिनल उघडलं तर तारेच्या टोकाला हिरवा, किंचित चिकट लगदा. टोक कापलं, नव्याने सोललं, पिळून घट्ट बसवलं, आवाज सुरळीत. सहा-आठ महिन्यांनी पुन्हा तेच.

याच कटकटीने माझा निर्णय झाला. दर वेळी स्पीकर ओढून बाहेर काढा, मागे वाका, दोन बोटं वायर कापा. बरं, कापून सोलल्यावर आतही तांबं काळपटच, म्हणून आणखी दोन बोटं. वायर आखूड होत गेली तसा स्पीकर भिंतीकडे सरकत गेला. शेवटी शेवटी स्पीकर कुठे ठेवायचा हे माझे कान नाही, वायर ठरवायला लागली.

गंमत म्हणजे उत्तर त्याच वायरीत होतं. प्लस-मायनस ओळखता यावं म्हणून तिच्यातली एक तार तांबडी आणि दुसरी टिन चढवलेली होती. आवरण तेच, खोली तीच, हवा तीच. तांबडी हिरवी पडली आणि शेजारची चंदेरी जवळजवळ तशीच राहिली. हे मी कितीतरी वेळा कापून हातात घेतलं होतं, पण लक्ष देऊन पाहिलं नव्हतं.

‘ऑक्सिजन-फ्री’ तांबं घेतलं तर हे होणार नाही, असं मलाही वाटायचं. पण तो ऑक्सिजन धातूच्या आतला. ते तांबं ९९.९५ टक्के शुद्ध आणि विजेच्या कामातलं नेहमीचं ९९.९ टक्के. बाहेरच्या हवेला आणि दमटपणाला दोन्ही सारखीच. त्यात आवरणाचं पीव्हीसी मऊ राहावं म्हणून घातलेली द्रव्यं आणि पीव्हीसी जुनं होताना सुटणारे आम्लाचे अंश तांब्याशी जमून हिरवे क्षार करतात. एकदा टोकाला सुरुवात झाली की ओल तारांमधल्या फटींतून वातीसारखी आत चढते.

टिनवाल्या वायरीची बाजू घेताना तिची खोडही सांगतो. रोध सुमारे तीन टक्के जास्त, तो सोडून द्या. पण दोन्ही तारा चंदेरी असल्याने प्लस-मायनस आवरणावरच्या रेघेवरून ओळखावं लागतं. मी एकदा एका बाजूला उलटी जोडली आणि संध्याकाळभर बेस कुठे गेला म्हणून रेकॉर्डिंगला नावं ठेवली. शिवाय स्पीकर वायर म्हणून ती कमी दिसते, बोटींच्या वायरिंगसाठीची म्हणून शोधली तर लवकर सापडते.

जुन्याच वायरीचं टोक सोल्डरमध्ये बुडवून काम भागवायचा मोह होतो. मीही केलं. स्क्रूखाली सोल्डर हळूहळू दबत जातं आणि पकड ढिली पडते. त्यापेक्षा टोक साधं पिळून बसवलेलं बरं.

आणि कुठलीही घ्या, आधी एक तार ब्लेडने खरवडून बघा. टिनवाली असेल तर चंदेरीखाली तांबडं दिसतं. उलट तांबड्याखाली चंदेरी निघालं, तर पितळ उघडं पडलं समजा, म्हणजे इथे ॲल्युमिनियम. रोध दीडपटीहून थोडा जास्त आणि चार वेळा वाकवलं की तारा तुटायला लागतात.

खोली कोरडी असेल, अंतर दोन-तीन मीटरच असेल आणि टोकं बनाना प्लगमध्ये (टर्मिनलमध्ये थेट खुपसायच्या पिनमध्ये) दाबून वर हीट-श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी चढवणार असाल, तर पारदर्शक वायर घ्यायला माझी हरकत नाही. भिंतीवर ती लपतेही छान. पण दमट हवा असेल, वायर फर्निचरमागून गेली असेल आणि तिथे पुन्हा पुन्हा हात घालायचा कंटाळा असेल, तर मी टिनवालीच घेईन, किंबहुना घेतली आहे.

तिला आता चार वर्षं झाली. मध्यंतरी भिंतीला रंग देताना टर्मिनल उघडली तेव्हा टोकं थोडी मंद, राखाडी झालेली होती, एवढंच. तशीच परत घट्ट केली. स्पीकर पुन्हा भिंतीपासून तीन फुटांवर आला आहे आणि त्याच्यामागे हातभर जास्तीची वायर गुंडाळून पडली आहे.