पेटीवर 15.50, बिलात 16 : टाइल्स घेणाऱ्यांनी वाचाच

टाइल्सच्या दुकानात जी पेटी 16 स्क्वेअर फुटांची म्हणून विकतात ती 16 ची नसते, 15.50 ची असते. एवढं आधी डोक्यात घ्या, बाकीचं सावकाश वाचा.

माझं सांगतो. घराचं काम काढलं होतं, हॉल आणि बेडरूमला 'दोन बाय दोन' व्हिट्रिफाइड, बाथरूमच्या भिंतींना 'एक बाय दोन'. रेट जीएसटी धरून स्क्वेअर फुटाला 62 सांगितला, घासाघीस करून 58 वर आणला. 80 पेट्या, पेटीत चार नग, बिलात 1280 स्क्वेअर फूट, 74,240 रुपये. भिंतीच्या 40 पेट्या, 400 फूट, 44 च्या रेटने 17,600. सगळे पैसे ऑनलाइन दिले, बिल पक्कं घेतलं. म्हणजे जे लोक नंतर म्हणाले की कच्च्या बिलावर घेतलं असशील, त्यांनी हे वाचावं.

आता गोम अशी की 'दोन बाय दोन' नावाची टाइल कारखान्यात बनते 600 बाय 600 मिलिमीटरची. दोन फूट म्हणजे 609.6 मिलिमीटर. चार नगांची पेटी भरते 1.44 चौरस मीटर, म्हणजे 15.50 स्क्वेअर फूट. दुकानदार दोन दुणे चार, चार चोक सोळा करून 16 चे पैसे लावतो. पेटीमागे अर्धा फूट, 80 पेट्यांवर 40 फूट, 2,320 रुपये. भिंतीची 300 बाय 600, पाच नगांची पेटी 0.9 चौरस मीटर, म्हणजे 9.69 फूट, लावली 10. तिथे 550 गेले. आणि जो 58 चा रेट भांडून मिळवला तो प्रत्यक्षात 59.87 पडला.

सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? मी दुकानात टेप लावला होता! सॅम्पलच्या टाइलवर, दुकानदारासमोर. तेवीस इंच पाच सूत आलं (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). मी विचारलंसुद्धा, की दादा, ही तर दोन फूट भरत नाही. तो हसला आणि म्हणाला, "भाऊ, ग्राउटची जागा धरून दोन फूट होते, सगळ्या कंपन्यांचं असंच असतं." (ग्राउट म्हणजे दोन टाइल्समधल्या फटीत भरतात ते.) मागे एक गिऱ्हाईक उभं होतं, तेही मान हलवत होतं, आणि तो इतक्या सहज बोलला की पुढे विचारणं मलाच चमत्कारिक वाटलं. रात्रीची झोप उडते ते आठवलं की. कारण व्हिट्रिफाइडला मिस्त्री फट राखायला स्पेसर लावतो तो दोन मिलिमीटरचा, आणि कमी आहे साडेनऊ मिलिमीटरच्या वर. साधं गणित होतं, पण ते करायला एक आकडा मिलिमीटरमध्ये आणि दुसरा इंचात डोक्यात धरावा लागतो, आणि उभ्या उभ्या ते कोण करतं? याच भरवशावर हा धंदा चालतो. पेटीवर कव्हरेज, म्हणजे पेटी किती जागा भरते ते, छापलेलं असतं हे खरं, पण बारीक अक्षरात, बॅच नंबरच्या खाली, आणि दुकानात पेटी दाखवतच नाहीत, सॅम्पल दाखवतात. पेट्या थेट गोडाऊनमधून येतात.

मला कळलं कधी, तर शेवटच्या बेडरूममध्ये फरशी संपली तेव्हा. हिशोब 16 ने केलेला, मग कमी पडणारच ना! आणखी तीन पेट्या आणाव्या लागल्या, तोपर्यंत रेट 61, त्याचे 2,928 आणि टेम्पोचे 650. त्याही 16 च्याच लावल्या. आणि बॅच वेगळी आली, त्यामुळे खिडकीजवळ शेडचा फरक कायमचा राहिला आहे, येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. म्हणून सांगतो, सगळा माल एका बॅचचा घ्या आणि पेट्या मोजताना चौरस मीटरने मोजा. खोलीचं माप मीटरमध्ये घेतलं तर ही भानगडच येत नाही.

मिस्त्रीचंही पाहा. मजुरी 24 रुपये फूट. माप टेपने घेतलं फूट-इंचात आणि मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर टाकलं दशांशात. 18 फूट 9 इंच म्हणजे 18.75, याने टाकलं 18.9. 11 फूट 8 इंचाचं 11.8. हॉल भरतो 218.75, त्याच्या वहीत 223. दहा किंवा अकरा इंच आले की सरळ पुढचा फूट, कारण तिथे .10 टाकलं तर त्याचंच नुकसान होतं, म्हणजे सगळं बरोबर कळतं त्याला. 1,189 चे 1,218 झाले, 29 फुटांचे 696 रुपये. इंचाला बाराने भागा, मगच गुणाकार करू द्या.

2,320 अधिक 550 अधिक 696 अधिक टेम्पोचे 650, झाले 4,216. तीन पेट्यांवरचा फरक यात धरलाच नाही. लोक म्हणतात चार हजारांसाठी एवढं काय. अरे, त्या दुकानातून रोज किती पेट्या जातात ते बघा ना, प्रत्येक पेटीत अर्धा फूट फुकटचा आहे त्याला.

दुकानदाराला विचारलं तर म्हणे, "अख्खं मार्केट सोळाच धरतं." मग वजन-मापवाल्यांच्या ऑफिसात गेलो. तिथे पहिलं उत्तर, आम्ही काटे तपासतो, फरशी नाही. मी वैधमापन कायदा 2009 चं कलम 11 छापून नेलं होतं, त्यात स्वच्छ आहे की प्रमाणित एककं सोडून दुसऱ्या मापात भाव सांगायचाच नाही. ते न वाचता बाजूला ठेवलं. बिल बघितलं आणि म्हणतात, "80 बॉक्स लिहिलेत, 80 मिळाले, तुमची तक्रार काय?" शेजारी 1280 फूट लिहिलंय त्यावर बोट ठेवलं तर म्हणे ते अंदाजे असतं. अंदाजे! पैसे मी अंदाजे दिले का? मग लेखी द्या, मग ते काम बघणारे साहेब दौऱ्यावर, मग अर्ज वर पाठवलाय. आणि कारवाई काय केली, तर दुकानदाराला फोन करून माझं नाव सांगितलं, संध्याकाळी त्याचाच मला फोन, की साहेबांकडे जायची काय गरज होती. पोलीस म्हणाले ही दिवाणी बाब. 1 एप्रिल 1962 पासून देशात मेट्रिक मापं सक्तीची आहेत, पोरांना शाळेत मीटरच शिकवतात, फ्लॅटचा करार चौरस मीटरमध्ये, सातबारा हेक्टर-आरमध्ये, आणि बाजारात मात्र फूट, ब्रास, गुंठा उघड चालू, आणि ज्यांना पगार या कामाचा मिळतो ते विचारतात तक्रार काय.

जमीन घेणाऱ्यांनीही लक्ष द्या, एजंट 'एक आर म्हणजे एक गुंठाच' म्हणतो. गुंठा 1089 स्क्वेअर फूट, आर 1076.39. दहा गुंठ्यांना सव्वाशे फूट जातात.

प्लायवूडलाही तेच, 'सहा सूत' सांगतात म्हणजे 19 मिलिमीटर हवं, कडेला मोजून घ्या, दुकानातच.

ज्यांनी नुकत्याच टाइल्स घेतल्यात त्यांनी रिकाम्या पेट्या रद्दीत देऊ नका. छापलेल्या कव्हरेजचा आणि बिलाचा फोटो एकत्र काढा, 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून नंबर घ्या. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. माझा अर्ज तयार आहे, पेट्यांची पुठ्ठी जोडलीत.