कोड ५५ आणि स्लॉटमधलं व्हॅसलिन: जुना ओव्हरक्लॉकिंग बोर्ड आठ महिन्यांनंतर

बोर्ड म्हणजे कॉम्प्युटरचा मदरबोर्ड, आणि ओव्हरक्लॉकिंग म्हणजे सीपीयू ठरलेल्या वेगापेक्षा वर पळवणं. त्यासाठी सीपीयूवर तांब्याचं भांडं, म्हणजे पॉट, बसवून त्यात द्रव नायट्रोजन ओततात. पॉट उणे १४० अंशांवर, व्होल्टेज जागच्या जागी, आणि रीस्टार्ट दिला की डिस्प्लेवर ५५. बोर्डावरचं रिट्रायचं बटण दाबलं, पुन्हा ५५. म्हणजे बोर्डाला रॅमच सापडत नाही. पॉट उणे ६० पर्यंत वर आणला की हाच बोर्ड रॅमच्या दोन्ही स्टिक घेऊन सरळ विंडोजमध्ये जातो. एकदा आत गेला की उणे १८० पर्यंत खाली नेला तरी कुरकुर नाही. अडचण फक्त चालू होताना, पण बेंचमार्कच्या (वेग मोजून गुण देणाऱ्या प्रोग्रामच्या) सेशनमध्ये क्रॅश तर होणारच. दर क्रॅशला तांब्याचा जड पॉट ८० अंशांनी तापवायचा आणि पुन्हा थंड करायचा, म्हणजे अर्धा नायट्रोजन गुण मिळवण्यात नाही तर तांबं गार करण्यातच जातो. आठ महिन्यांत या बोर्डाने दिलेला खरा त्रास एवढाच, आणि तो फार महाग पडला.

बोर्ड जुना घेतलेला: इंटेलच्या झेड ६९० चिपसेटचा, दोनच रॅम स्लॉट, ओव्हरक्लॉकिंगसाठीच बनवलेला. एलएन२ जंपर (द्रव नायट्रोजनसाठीची सेटिंग चालू करणारा), स्लो मोड (सीपीयूचा वेग तात्पुरता उतरवणारा), दोन बायोस (बोर्ड सुरू करणारे प्रोग्राम), मल्टिमीटर लावायचे पॉइंट सगळं आहे आणि सगळं चालतं. घेताना हवेवर, म्हणजे साध्या पंख्याच्या कूलरवर, तपासला होता. रॅमचे दोन्ही चॅनेल दिसले, मेमरी टेस्ट पास झाली. जुन्या बोर्डाची हवेवरची तपासणी किती अपुरी असते, ते इथे कळलं.

पहिला संशय अर्थात कोल्ड बूट बगवर, म्हणजे ठराविक थंडीखाली सीपीयू चालूच न होण्यावर. तसं असतं तर दोष सीपीयूचा, आणि स्टिक कुठेही लावली तरी साधारण त्याच तापमानाला अडकायला हवं. म्हणून एकच स्टिक घेऊन दोन्ही स्लॉट वेगवेगळे तपासले. सॉकेटजवळच्या स्लॉटमध्ये उणे ९० लाच ५५, दुसऱ्या स्लॉटमध्ये तीच स्टिक उणे १५० ला चालू. सीपीयू सुटला. ही चाचणी दहा मिनिटांची आहे, ती आधी करावी. सीपीयूला दोष देऊन पीएलएलचे (सीपीयूचा क्लॉक तयार करणाऱ्या सर्किटचे) व्होल्टेज वरखाली करण्यात अख्खं सेशन वाया जातं.

पुढचा संशय पॉटच्या दाबाचा. या बोर्डाच्या एलजीए १७०० सॉकेटचा सीपीयू लांबट असतो आणि मूळच्या क्लॅम्पने मधोमध वाकतो. पॉटच्या चार नटांपैकी एक जास्त आवळला गेला की एखादा चॅनेल गायब होतो. नट सैल करून, तिरकस जोडीने, अर्धा अर्धा फेरा देत पुन्हा आवळले. काही फरक नाही. मग पिना. टॉर्च सॉकेटच्या जवळजवळ समांतर धरायचा आणि बोर्ड हळूहळू फिरवायचा. सरळ पिनांची टोकं ओळीने एकदम चमकतात, वाकलेली पीन त्या ओळीत काळी राहते. चारही बाजूंनी पाहिलं, सगळ्या ओळी पूर्ण.

राहिला स्लॉट. लाकडी टूथपिक तळापर्यंत नेऊन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओढली, तर टोकावर पिवळट करडा लगदा आला. त्यात टिश्यू पेपरचे बारीक धागे आणि धूळ. आधीच्या मालकाने स्लॉटभोवती व्हॅसलिन थापलं होतं, तिथवर ठीकच. पण ते स्लॉटच्या आत उतरलं होतं आणि वरवर पुसून बोर्ड विकला गेला.

व्हॅसलिन वीज वाहून नेत नाही, म्हणून तर ते वापरतात. हवा बसायची जागा ते भरून काढतं, हवा नाही तर दव नाही. खोलीच्या तापमानाला स्टिक दाबून बसवली की संपर्काची टोकं मऊ थर बाजूला सारतात आणि सगळं सुरळीत चालतं. थंडीत तोच थर मेणासारखा घट्ट होतो. तांबं, प्लास्टिक आणि स्टिकची पट्टी वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, संपर्काचं टोक केसभर सरकतं आणि मेणावर चढून बसतं. शिवाय धाग्यांनी धरून ठेवलेला ओलावा तिथेच गोठतो. हवेवर हा दोष कधीच दिसणार नाही.

साफ करताना आधी नेहमीची चूक झाली: आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रश. थंड अल्कोहोलमध्ये व्हॅसलिन जेमतेम विरघळतं. ते पातळ होऊन पसरतं, स्लॉटच्या खोल भागात जातं, आणि अल्कोहोल उडाल्यावर बोर्ड स्वच्छ दिसतो. पुढच्या सेशनला ५५ उणे ९० ऐवजी उणे ७० लाच आला.

उपयोग झाला तो उष्णता आणि साबणाचा. बॅटरी काढली, व्हीआरएमचे (सीपीयूला व्होल्टेज पुरवणाऱ्या भागाचे) हीटसिंक काढले (खालचे थर्मल पॅड भिजले की फेकायचे, नवे लावायचे), सॉकेटवर प्लास्टिकचं झाकण लावलं. साधारण ६० अंशांचं पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड. व्हॅसलिन त्याच्या आधीच वितळतं. मऊ टूथब्रशने स्लॉट लांबीच्या दिशेने घासले, आडवे नाहीत. पाणी तीनदा बदललं, तिसऱ्या वेळी वर तवंग आला नाही तेव्हा थांबलो. मग डिस्टिल्ड वॉटरने विसळून ९९ टक्के अल्कोहोल वरून ओतलं. इथे अल्कोहोलचं काम पाणी घेऊन जाण्याचं, व्हॅसलिन काढण्याचं नाही. कॉम्प्रेस्ड एअर स्लॉटच्या एका टोकातून, आणि दोन दिवस पंख्यासमोर. सॉकेटला ब्रश कधीही लावू नये. तिथे फक्त अल्कोहोल ओतायचं आणि लांबून हवा मारायची. ब्रशचा एक केस अडकला तरी पीन वाकते. नॅफ्था, म्हणजे लायटरमधलं फ्लुइड, व्हॅसलिन चांगलं विरघळवतं. हट्टी जागी थेंबभर चालेल, पण उघड्या हवेत आणि आगीपासून लांब. अ‍ॅसिटोन अजिबात नको, स्लॉटचं प्लास्टिक खराब होऊ शकतं.

धुतल्यानंतर दोन्ही स्टिक उणे १५० ला चालू. त्यानंतरच्या एकाही सेशनमध्ये ५५ नाही.

म्हणून मत बदललं. पहिल्या तीन महिन्यांत विचारलं असतं तर नायट्रोजनवर वापरलेला बोर्ड घेऊच नका, असंच उत्तर मिळालं असतं. आता म्हणणं असं आहे की व्हॅसलिन लावलेला जुना बोर्ड खुशाल घ्या, कारण ते पूर्ण निघतं. घाबरायचं ते दुसऱ्या दोन प्रकारांना. एक, जाड रबरी लेप किंवा लिक्विड इलेक्ट्रिकल टेप. तो सोलताना बारीक कपॅसिटर सोबत उपटून येतात, आणि सोलला नाही तर खाली काय गंजलंय ते दिसत नाही. दुसरा, स्लॉट झाकून न घेता मारलेला कॉन्फॉर्मल कोटिंगचा लॅकर, म्हणजे ओलाव्यापासून वाचवणारा वार्निशसारखा थर. पातळ लॅकर बोर्डाच्या मागून, सोल्डरच्या भोकांतून स्लॉटमध्ये चढतो आणि संपर्कावर वाळतो. असा स्लॉट बहुतेक गेलाच समजा. बऱ्याच अ‍ॅक्रिलिक कोटिंगमध्ये अल्ट्राव्हायलेट दिव्याखाली निळं चमकणारं द्रव्य असतं. बोर्ड हातात घेऊन पाहता येत असेल तर छोटा यूव्ही टॉर्च न्या आणि स्लॉटच्या आत बघा. आत निळं दिसलं की परत द्या.

दुरून घ्यायचा असेल तर विकणाऱ्याकडून सॉकेटचे चार बाजूंनी, तिरक्या उजेडातले फोटो मागा, स्लॉटच्या आतला एक क्लोजअप मागा, आणि कोणतं इन्सुलेशन लावलं होतं ते सरळ विचारा. “कधी थंडीत चालवलाच नाही” म्हणणाऱ्यापेक्षा “व्हॅसलिन लावलं होतं, असं धुतलं” सांगणारा बरा. शेकडो सीपीयू तपासण्यासाठी वापरलेला बोर्ड असेल तर तो सोडा. पिनांची स्प्रिंग थकते, आणि फोटोत ते कळत नाही.

नव्या बोर्डाच्या बाजूने एक गोष्ट नक्की आहे: सॉकेट कोरा असतो. वॉरंटी मात्र हिशेबात धरू नका, पहिला लेप लावला की ती संपलीच समजायची. त्यामुळे नवा घेतला तरी लेप लावण्याआधी निदान आठवडाभर हवेवर राबवून घ्यावा. दोन्ही स्लॉट, दोन्ही बायोस, सगळे जंपर, यूएसबी, ग्राफिक्सचे स्लॉट. आधी लेप आणि मग दोष, असं झालं तर नवा बोर्ड जुन्यापेक्षाही महाग पडतो.

जुन्याचा एक फायदा घेताना लक्षात नव्हता. बोर्डावर सुरुवातीचं बायोस होतं. बाराव्या पिढीचे सुरुवातीचे सीपीयू अशा बायोसवर, ई-कोअर (कमी वीज खाणारे छोटे कोअर) बंद केले की, एव्हीएक्स-५१२ देतात, म्हणजे एका दमात जास्त आकडे हाताळणाऱ्या सूचना. २०२२ मध्ये इंटेलने मायक्रोकोडमधून (बायोससोबत येणाऱ्या सीपीयूच्या आतल्या कोडमधून) ते बंद केलं आणि नंतरच्या चिपमध्ये ते कायमचंच गेलं. पायचे अंक काढणाऱ्या वाय-क्रंचरसारख्या बेंचमार्कमध्ये याचा मोठा फरक पडतो. म्हणून जुना झेड ६९० हाती आला की आधी बायोसची प्रत काढून ठेवा, अपडेटचा विचार नंतर. बायोसची चिप प्रोग्रामरने (चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या उपकरणाने) वाचायची असेल तर आधी तिचं व्होल्टेज बघा: काही बोर्डांवर १.८ व्होल्टची चिप असते, आणि स्वस्तातला काळा सीएच३४१ए प्रोग्रामर डेटा लाइनवर ५ व्होल्ट देतो. अ‍ॅडॅप्टरशिवाय लावू नका.

राहिलेली छोटी तक्रार बॅटरीची. सीआर२०३२ चा होल्डर ग्राफिक्स कार्डाखाली, नेमका थंडी उतरते तिथे. गारठलेल्या बॅटरीचं व्होल्टेज पडतं आणि सेटिंग जातात. दर दोन-तीन सेशनला मल्टिमीटरने मोजावी, २.९ व्होल्टच्या खाली गेली की बदलावी. होल्डरला दोन वायरी जोडून बॅटरी बोर्डाच्या कडेला आणली की हा प्रश्न मिटतो.

आता इन्सुलेशन असं आहे. व्हॅसलिन लावण्याआधी दोन्ही स्लॉटमध्ये निकामी स्टिक बसवायच्या आणि स्लॉटच्या कडेला मास्किंग टेप. स्लॉट आणि सॉकेट यांच्यामधल्या पट्टीत चित्रकारांचा मळता येणारा खोडरबर दाबून भरायचा. तो थंडीत कडक होतो पण वाहत नाही आणि नंतर अखंड निघतो. व्हॅसलिन फक्त त्याच्या बाहेर, ब्रशने पातळ, त्यावर बंद पेशींचा फोम आणि टिश्यू. सेशन संपल्यावर पॉट शून्याच्या वर येईपर्यंत काहीही उघडायचं नाही, खिडक्या मात्र शेवटपर्यंत उघड्या: एक लिटर नायट्रोजनचा सुमारे ७०० लिटर वायू होतो आणि तो खोलीतल्या ऑक्सिजनची जागा घेतो. स्टिक काढल्यावर लगेच स्लॉटमध्ये कोरडी टूथपिक फिरवायची. गेल्या चार सेशनमध्ये ती स्वच्छ निघाली आहे.